रणभूमी विकत आणू नये

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायचे असतात, लढवायचे नसतात. बालेकिल्ल्यावर महाराज, दरवाजाशी पहारेकरी, पायथ्याला विहीर आणि बाजारपेठ अशी मांडणी एकदा झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी जागचं हलत नाही. पश्चिमेकडे गेली शंभरहून अधिक वर्षं खेळला जाणारा टेबलावरचा युद्धखेळ या किल्ल्याच्या एकच पाऊल पुढे जातो. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर डोंगर, नदी, झाडी, गाव मांडायचं. दोन्ही कडांना अंगठ्याच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक उभे करायचे. आळीपाळीने मोजपट्टी लावून ते पुढे सरकवायचे आणि गाठ पडली की फासे टाकून निकाल लावायचा. इंग्लंडमध्ये या छंदाची स्वतंत्र मासिकं आहेत, दुकानं आहेत, मेळावे भरतात. सैनिकांबरोबर आता लढाईची भूमीही खोक्यात भरून मिळते: प्लास्टिकचे पडके वाडे, लेझरने कापलेल्या एमडीएफच्या भिंती, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले बुरूज. माझं म्हणणं असं की सैनिक खुशाल विकत आणावेत, भूमी मात्र विकत आणू नये. ती पुठ्ठ्यातून, थर्माकोलमधून, चिंध्यांतून आणि चहाच्या चोथ्यातून घरीच उभी करावी. पैसे वाचतात हे खरं, पण ते कारण दुय्यम आहे. लढाईतलं अर्धं शहाणपण भूमीच्या जाणिवेत असतं, आणि जी भूमी आपण हाताने उभी केली नाही ती टेबलावर असूनही आपल्याला नीट दिसत नाही, हे खरं कारण आहे.

भूमीचं हे महत्त्व खेळाच्या जन्मापासूनचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत बुद्धिबळावरून युद्धखेळ रचले जात होते. त्यांत पटावरच्या घरांना निरनिराळे रंग देऊन डोंगर, दलदल, पाणी दाखवत. पण खरी जमीन चौकोनांत बसत नाही. १८१२ साली बॅरन फॉन राइस्वित्झ यांनी प्रशियाच्या राजाला जो खेळ दाखवला, त्यात ही अडचण ओळखलेली होती. ते आधी ओल्या वाळूत डोंगरदऱ्या करून खेळत. राजापुढे वाळूची पेटी कशी न्यायची, म्हणून त्यांनी एक देखणं लाकडी टेबल करवून घेतलं आणि त्यावर मांडायला उठावाचे, रंगवलेले प्लॅस्टरचे तुकडे घडवले. ते टेबल आजही बर्लिनमध्ये जतन केलेलं आहे. पुढे त्यांच्या मुलाने १८२४ साली हाच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर आणला आणि तो प्रशियाच्या सैन्यात रुजला. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिली ओली वाळू. वाळूतला डोंगर खेळणाऱ्याला स्वतः करावा लागे आणि पुढच्या डावाला तो मोडून वेगळा करता येई. प्लॅस्टरचे तुकडे राजाच्या दिवाणखान्याला शोभले, पण डोंगर किती तऱ्हांचे असू शकतात हे ते घडवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं. आजचा तयार संच हा त्या प्लॅस्टरचाच वारस आहे. आणि साध्या सामानाला दरबारात किंमत नसते असंही समजू नये. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. बहुतेक १:६०० प्रमाणात केलेल्या या प्रतिकृतींपैकी बऱ्याच आता पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. राजाच्या पदरी असलेल्या कारागिरांनीही त्यांत लाकूड, कागद, रेशीम, वाळू हेच वापरलं.

हा खेळ सामान्य माणसाच्या घरात आणला तो एच. जी. वेल्स यांनी. 'टाइम मशीन'चे हे लेखक मुलांच्या खोलीत जमिनीवर ओणवे होऊन शिशाचे सैनिक लढवत. त्या खेळांवर त्यांनी १९११ साली 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ साली 'लिटल वॉर्स' ही दोन छोटी पुस्तकं लिहिली. त्यांच्या रणभूमीत लाकडी ठोकळे होते, भोकं पाडलेल्या फळ्यांत खोचलेल्या बागेतल्या डहाळ्या होत्या, खडूने आखलेल्या नद्या होत्या. त्यांची स्प्रिंगची तोफ लाकडी गोळी खरोखर उडवायची, त्यामुळे भिंतीआडचा सैनिक वाचणार की नाही हे भिंत कशी रचली यावर ठरे. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकाने इंग्लंडमध्ये छंदाला नवी उभारी दिली. त्या पिढीची टेकडी म्हणजे हिरव्या कापडाखाली सरकवलेली पुस्तकांची थप्पी. 'वॉरहॅमर' काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा खेळ बाजारात आणला, तेव्हाच्या तिच्या छापील मार्गदर्शनात डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगता रणगाडा कसा करायचा हे समजावलेलं आहे. म्हणजे घरगुती टाकाऊ सामान ही या छंदाची पर्यायी, गरिबाघरची वाट कधीच नव्हती. छंद त्याच्यावरच वाढला, बाजार मागाहून आला.

खडू आणि कापडाने गंभीर काम होत नाही, अशी शंका असेल तर लिव्हरपूलकडे पाहावं. १९४२ च्या सुरुवातीला अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवत होत्या. त्यांच्यावर उतारा शोधण्यासाठी कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण महिलांच्या एका तुकडीने डर्बी हाउस या इमारतीत फरशीवर समुद्र मांडला. सामान काय, तर लिनोलियम, खडू, लहान लाकडी जहाजं आणि कॅनव्हासचे पडदे. प्रशिक्षणाला आलेला अधिकारी पडद्याआड बसे आणि त्यातल्या भोकातून त्याला तेवढंच दिसे जेवढं जहाजाच्या डेकवरून दिसलं असतं. पाणबुडीची वाट हिरव्या खडूने आखत, कारण त्या फरशीवर पडद्याआडून ती रेघ नजरेला येत नसे. या फरशीवर सापडलेले डावपेच प्रत्यक्ष समुद्रात वापरले गेले आणि युद्ध संपेपर्यंत जवळपास ५,००० अधिकारी तिथून शिकून गेले. समुद्राला डोंगर नाही, झाडी नाही. तरीही त्या तुकडीने नेमकं ओळखलं होतं की रणभूमी म्हणजे मुळात काय दिसतं आणि काय दिसत नाही याची मांडणी. ती एका पडद्याने साधली. महागडं प्रतिरूप केलं असतं तर समुद्र जास्त सुंदर दिसला असता, इतकंच.

टेबलावरच्या खेळातही देखाव्याचं काम नेमकं हेच आहे. झाड, भिंत, चढ, ओढा यांतल्या प्रत्येक गोष्टीला नियमात अर्थ असतो: नजर अडते का, गोळीपासून आडोसा मिळतो का, चाल मंदावते का, तोफ वर चढेल का. म्हणूनच शाळेतल्या 'टाकाऊतून टिकाऊ' तासाशी याची गल्लत करू नये. तिथे बाटलीची फुलदाणी होते, ती चार दिवस कपाटावर मिरवते आणि फूल कुणी ठेवत नाही. इथे केलेली वस्तू दर डावाला कसाला लागते. पूल इतका अरुंद झाला की सैनिकाचा तळ त्यावर मावत नाही, तर पूल चुकला. कुंपण गुडघ्याएवढं हवं होतं ते गळ्यापर्यंत गेलं, तर गोळीबाराचा सगळा हिशेब बदलला. उदाहरणादाखल राय नावाच्या धान्याचं शेत घ्या. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जून १८१५ रोजी, बेल्जियममधल्या कात्र ब्रा इथे लढाई झाली तेव्हा शेतात राय पुरुषभर उंच उभी होती आणि काही ब्रिटिश पलटणींना फ्रेंच घोडदळ अगदी अंगावर येईपर्यंत दिसलं नाही. युद्धखेळ खेळणारे अशी शेतं काथ्याच्या जुन्या पायपुसण्यातून कापून काढतात. आपल्या कोकण-केरळच्या नारळाच्या सोडणाचा हा काथ्या बेल्जियमचं धान्य म्हणून शोभून दिसतो. पण पायपुसणं कापायला बसलं की प्रश्न उभा राहतो. त्याचे तंतू २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या कमरेच्या थोडे वर येतात. मग या शेतात पलटण लपेल कशी? एक तर १५ मिलिमीटरचे सैनिक घ्यावे लागतात, नाही तर जुन्या खराट्याचे किंवा ब्रशचे लांब तंतू शोधावे लागतात. हा विचार करणाऱ्याला कात्र ब्रा समजायला लागलं. तयार शेताचा तुकडा आणून ठेवणाऱ्यापुढे तो प्रश्न आलाच नाही.

टाकाऊ वस्तूंचा खास गुण इथे दिसतो. त्यांना स्वतःचा रणभूमीतला आकार नसतो, त्यामुळे बघणाऱ्याला आधी साम्य शोधावं लागतं आणि साम्य शोधायचं तर खरी वस्तू नीट पाहिलेली असावी लागते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा पाण्याने जरा ओलसर करून त्यावरचा एक कागद सोलून काढला की आतून पन्हळी पत्र्याचं छप्पर निघतं. त्यावर गंज कुठे चढतो? खिळ्यांभोवती आणि खालच्या कडेला. हे आठवल्याशिवाय तपकिरी रंगाचा ब्रश कुठे टेकवायचा ते कळत नाही. अंड्यांच्या ट्रेचा जाडाभरडा लगदा-कागद नखाएवढा फाडून चिकटवला की दगडी तट होतो. पण चिरे एकावर एक सांध्यावर सांधा आणून रचले तर डोळ्याला ते खोटं वाटतं, कारण कुठलाही गवंडी सांध्यावर सांधा आणत नाही. चहाचा चोथा धुऊन उन्हात कडकडीत वाळवला की रानातला पाचोळा मिळतो. तो नीट वाळला नाही तर आठवड्यात बुरशी धरते. फाटक्या उशीतला स्पंज किंवा भांडी घासायचा झिजलेला स्पंज बारीक चुरून रंगात मुरवला की पानांचा भार, जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून फांद्या फुटवल्या की झाडाचा सांगाडा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे फुगे कारखान्याच्या छताचे झरोके होतात, निकामी सीडी झाडांच्या बेटाला सपाट बैठक देते. चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा थर्माकोलवर दाबून फिरवला की कातळाचा खडबडीतपणा उमटतो. आणि शेवटी रंगाच्या दोन युक्त्या, ज्यांनी हे सगळं एका भूमीचं वाटायला लागतं: आधी काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत उतरू द्यायचा, मग जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून, पुसून, फक्त उंचवट्यांवरून ओढायचा. कोकणातला जांभा आणि देशावरचा काळा पाषाण यांतला फरक त्या शेवटच्या ब्रशाच्या रंगात असतो.

थर्माकोलबद्दल थोडं सावध राहून लिहायला हवं. डोंगराला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, कारण त्यात जवळजवळ सगळी हवाच असते आणि तो कटरने थरांमध्ये कापता येतो. पण स्प्रेचा रंग किंवा पेट्रोलजन्य चिकटा लागला तर तो वितळून खड्डा पडतो, म्हणून आधी फेविकॉलचा हात द्यावा लागतो. तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर अपायकारक असतो. ते काम उघड्या जागी आणि मोठ्यांनीच करावं. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवरही बंदी आणली. तेव्हा डोंगरासाठी म्हणून नवा थर्माकोल विकत आणणं सरळसरळ चूक आहे. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातून आलेला, ज्याचं पुढे काय करायचं हा प्रश्नच असतो, तेवढाच वापरावा. तो नसेल तेव्हा पुठ्ठ्याचे थर आणि वर्तमानपत्राचा लगदा डोंगराला पुरतात. ते वजनाला जड पडतात, वाळायला दोन दिवस घेतात, पण टिकतात.

भूमी हाताने करणं म्हणजे भूमी समजून घेणं, या म्हणण्याचा सगळ्यांत चांगला पुरावा मला जालना जिल्ह्यातल्या असईत दिसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्ली, म्हणजे नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या मोठ्या फौजेसमोर उभा ठाकला. मधे केळणा नदी होती आणि वाटाड्यांचं सांगणं होतं की जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की इतक्या जवळच्या गावांमध्ये जा-ये असणार, म्हणजे मधे उतार असणार. तो होता. तिथून नदी ओलांडून तो केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या जिभेसारख्या चिंचोळ्या पट्टीत शिरला. पण मराठ्यांच्या कवायती पायदळाने आपली फळी वळवून तोंड दिलं आणि मातीच्या भिंतींच्या असई गावाजवळच्या तोफांनी इंग्रजांच्या उजव्या बगलेची धूळधाण उडवली. आता ही लढाई टेबलावर मांडायची असेल तर निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या आणि चार घरं टाकून भागणार नाही. काठ किती उंच, तोफ कुठून उतरेल, गावाच्या भिंतीला किती जाडी द्यायची, दोन नद्यांमधलं अंतर किती ठेवलं की फळी वळवायला जेमतेम जागा उरते, हे सगळं करणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी वाचावं लागतं. ब्रिटनच्या विल्यम सायबोर्न या अधिकाऱ्याने वॉटर्लूची प्रतिकृती करायला घेतली तेव्हा तो कित्येक महिने त्या रणांगणावरच्या शेतवाडीत राहून जमीन मोजत होता आणि लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कोण कुठे होतं, शेतात पीक काय उभं होतं हे विचारत होता. ७०,००० हून अधिक इवलाले सैनिक असलेली ती प्रतिकृती १८३८ साली लंडनमध्ये लोकांसमोर आली. पण त्याच्या या उद्योगातून जमलेली पत्रं हा वॉटर्लूच्या इतिहासाचा एक मोठा आधार ठरला. भूमी करायला बसलेला माणूस इतिहासाला असे प्रश्न विचारतो जे नुसत्या वाचणाऱ्याला सुचत नाहीत. आपली उंबरखिंड घ्या. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरताना तिथे मराठ्यांकडून कोंडली गेली. ती लढाई सपाट टेबलावर, विकतच्या दहा झाडांनिशी खेळून पाहा. मोठ्या फौजेने लहान फौजेपुढे हात का टेकले ते अजिबात कळणार नाही. अरुंद वाट, दोन्ही अंगांना चढ आणि हात शिरणार नाही इतकी दाट झाडी टेबलावर उभी केली की मग खानाचा प्रत्येक डाव आपोआप अडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा आणि देखणेपणाचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाने पुठ्ठा सोलत का बसावं, आणि एवढं करून ते ओबडधोबडच दिसणार, असं म्हणतात. वेळेचं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धंच. विकतचे संचही बहुधा सुटे आणि बिनरंगी येतात. ते जोडायला, रंगवायला संध्याकाळी लागतातच. शिवाय सहा फुटांचं टेबल भरायची सक्ती कुणी केली आहे? दोन फुटांच्या चौकोनात, आठ-दहा सैनिकांची चकमक एका वाड्यावर आणि एका बांधावर उत्तम रंगते. देखणेपणाचं म्हणाल, तर खेळणारा टेबलाकडे हातभर अंतरावरून पाहतो. त्या अंतरावरून डोळा आधी रंगाची एकसंधता आणि आकाराचा खरेपणा पकडतो. कडेची सफाई त्याला नंतर दिसते. तयार साच्यातल्या पडक्या भिंती सुरेख असतात, पण एका साच्यातल्या दहा भिंती एकाच ठिकाणी ढासळलेल्या असतात, आणि ढासळणं तसं कधी होत नाही. थ्रीडी प्रिंटरबद्दल माझा राग नाही. जो स्वतः वाड्याची आकृती संगणकावर रचतो, मापं ठरवतो, तो भूमी घडवणाराच आहे. त्याचं हत्यार निराळं, एवढंच. दुसऱ्याची फाइल उतरवून छापणं मात्र विकत आणण्यासारखंच. स्पर्धांचं मी बाजूला ठेवतो. तिथे पन्नास टेबलं सारखी मांडावी लागतात, दोन्ही खेळाडूंना समान आडोसा द्यावा लागतो, आणि त्यासाठी तयार संच हाच सरळ उपाय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला टाळू नये. टाकाऊ सामानातून देखावा केला म्हणजे पुनर्वापर झाला, पर्यावरणाचं भलं झालं, असं या छंदात फार सहज म्हटलं जातं. आपल्या शहरांमध्ये तरी ते पुरतं खरं नाही. स्वच्छ पुठ्ठ्याचं खोकं रद्दीवाल्याकडे गेलं तर ते कागदाच्या गिरणीत पोहोचतं आणि पुन्हा पुठ्ठा होतं. त्याच खोक्यावर फेविकॉल, वाळू आणि ॲक्रिलिक रंग चढवला की ते पुन्हा कधीच कागद होणार नाही. दहा वर्षांनी ते जाईल ते कचऱ्यातच. पाण्याची बाटली, डबा, तांब्याची तार यांना भंगारात भाव आहे आणि त्या भावावर माणसं जगतात. पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी आहे. तिच्या नावातच कशाला मोल आहे ते लिहिलेलं आहे. म्हणून शहाणपणाचा नियम असा असावा की जे भंगारवाला हातात घेत नाही ते आधी वापरावं. गोळ्यांची पाकिटं, टूथपेस्टच्या नळ्या, तुटक्या खेळण्यांचे अवयव, वाळून संपलेली स्केचपेनं, विटलेला स्पंज, फाटकी पायपुसणी, थर्माकोलचे तुकडे, शीतपेयाच्या नळ्या हे सामान कुणालाच नको असतं, आणि रणभूमीला नेमकं तेच लागतं. पुठ्ठा लागतोच, पण मोजका. एका छंदाने शहराचा कचरा कमी होतो असा दावा मी करणार नाही. कचऱ्याच्या टोपलीकडे तीनदा पाहायची सवय लागते, एवढं मात्र नक्की.

तिसरा आक्षेप युद्धाचाच आहे. रोज बातम्यांत उद्ध्वस्त शहरं दिसत असताना टेबलावर ढासळलेली घरं हौसेने कसली बनवायची, हा प्रश्न मला आदराने घ्यावासा वाटतो. वेल्स यांनाही तो पडला होता. 'लिटल वॉर्स' लिहिणारा हा माणूस खऱ्या युद्धाचा चाहता नव्हता, आणि पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी युरोप पेटला. माझं उत्तर पुन्हा भूमीपाशीच येतं. या खेळातले विकतचे पुतळे पाहा: सगळे सैनिक असतात. ज्यांच्या अंगणात लढाई होते ती माणसं खोक्यात क्वचितच मिळतात. त्यांची खूण उरते ती फक्त देखाव्यात, म्हणजे कुंपणात, विहिरीच्या काठावर, वाळत घातलेल्या कपड्यात, उभ्या पिकात. ज्याने काडेपेटीतल्या काड्यांनी गोठ्याचं दार केलं, त्याला त्या दारामागे गुरं बांधलेली असतात हे माहीत असतं. असईच्या मातीच्या भिंती तोफेसाठी बांधलेल्या नव्हत्या, त्या गावाच्या होत्या. देखावा तयार आणला की गाव म्हणजे नुसता आडोसा उरतो, नियमातला एक गुण. तो हाताने केला की निदान करताना तरी ते गाव असतं. यामुळे युद्धं थांबतील असं मला म्हणायचं नाही. पण खेळायचंच असेल तर असं खेळावं.

आणि म्हणून मी दिवाळीच्या किल्ल्याकडे परत येतो. मराठी घरांत भूमी घडवायची ही परंपरा कुणाकडून उसनी आणावी लागत नाही. विटांचे तुकडे, गोणपाट, खोकी, चाळलेली माती, वर फासलेला गेरू आणि हिरवळीसाठी पेरलेले हळीव किंवा मोहरी हे सगळं घरातलं आणि अंगणातलंच सामान आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, तेही लष्करी भूप्रदेश म्हणून, म्हणजे तटाइतकीच भोवतालच्या डोंगराची, समुद्राची, वाटांची दखल घेऊन. त्याच काळात बाजारात प्लॅस्टरचे आणि फायबरचे तयार किल्ले मांडलेले दिसतात. घरी आणले, मावळे ठेवले, दिवे लावले की झालं. ज्यांच्याकडे अंगण नाही, माती नाही, अशा फ्लॅटमधल्या कुटुंबांची अडचण खरी आहे आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण खोकी, पायपुसणी आणि अंड्यांचे ट्रे फ्लॅटमध्येही असतात, आणि गॅलरीतल्या दोन फुटांत एक बुरूज नक्की मावतो. माझी सूचना एवढीच की या वर्षी किल्ला झाल्यावर मुलांना एक फासा आणि तीन नियम द्यावेत. मावळा असो वा शत्रू, एका पाळीत एक वीत चालेल, चढावर अर्धी. दगडाआड किंवा झाडीआड असलेल्यावर नेम धरता येणार नाही. दोघं समोरासमोर आले की दोघांनी फासा टाकायचा, आणि जो उंचावर असेल त्याला एक गुण जास्त. पहिल्या डावात शत्रू पायथ्यापासून सरळ रस्त्याने चार विती चालून महादरवाजात येऊन उभा राहील, कारण बहुतेक मुलं रस्ता सरळच करतात. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की रायगडाचा दरवाजा खालून का दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता उकरलेला असेल, दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत वळवायचं काम चाललेलं असेल, आणि घरात अजून एखादं खोकं आहे का हे विचारायला कुणीतरी मातीच्या हातांनी स्वयंपाकघरात आलेलं असेल.